एक, दोन, — चार

३ नोव्हेंबर, सोमवार

पाय शिवशिवायला लागले पुन्हा. वाटलंच होतं. शनिवारी इथे दोन महिने पुरे झाले ना! सकाळी उठले आणि किती तरी वेळ नुसती बॅगेकडे बघत बसले. बॅग बोलत नाही काही. पण बघते.

दुपारी काकू म्हणाल्या, "आता तिसरा महिना लागला. शो झाला की तुला चावी देऊन टाकते, पुढच्या दाराची." काकू म्हणजे क्लबच्या मालकीण. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चेहरा काय पाडतेस? चावी म्हटलं मी, बेडी नाही."

हसले. पण तिसरा महिना मी आजवर कुठेच पुरा बघितलेला नाही. बेकरीत सात आठवडे. पुस्तकं बांधायच्या दुकानात सहा. रोपांच्या नर्सरीत दोन महिने अन् वर चार दिवस — तो विक्रम! तोही एका कुंडीतल्या झाडाला कळी आली होती म्हणून. कसलं फूल येतं बघायचं होतं. पांढरं आलं. साधंच. मग निघाले.

क्लब हा शब्द जरा मोठाच आहे. आधी इथे फर्निचरचं दुकान होतं. काकूंचे यजमान गेल्यावर माल विकला, गाद्या तेवढ्या उरल्या. त्या भिंतींवर ठोकल्यात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. स्टेजच्या मागच्या गादीवर लेबल आहे अजून — 'पाठदुखीवर उत्तम'. सगळे बँड त्याच्यासमोर फोटो काढतात.

पंधरा तारखेला तीन बँड आहेत. सगळे आसपासचेच, स्वतःची गाणी स्वतः करणारे. काकूंनी फळ्यावर पहिलं नाव लिहिलं — उद्या बघू. मी विचारलं, "काय उद्या बघू?" काकू म्हणाल्या, "अगं बाई, ते बँडचं नाव आहे!"

५ नोव्हेंबर, बुधवार

मास्तरांनी केबल गुंडाळायला शिकवली. तिसऱ्यांदा. मास्तर म्हणजे आमचे साउंडवाले. चष्मा कपाळावर आणि शोधतात खिशात. "एक वेढा सुलटा, एक उलटा. सगळे एकाच बाजूनं घेतलेस की केबल मनात धरते. मग ऐन वेळी पीळ काढते." मी म्हटलं, माणसासारखं झालं की. "माणसापेक्षा बरी. उलगडता येते."

जमलं आज! बारा केबली, बारा वेटोळी, एकही पीळ नाही. उगाच खुंटीवर लावून लांबून बघितली.

मास्तरांनी आयुष्यात किती ड्रमर बघितले असतील! सहजच विचारलं, "उंच आहे. डावखुरा. पुढचा एक दात अर्धा तुटलाय. असा कुणी येऊन गेला का इथे?"

"मी ड्रमरचे हात बघतो, दात नाही. का? कोण लागतो तुझा?"

"कुणी नाही."

खोटं! इथे तरी खरं लिहावं. दादा लागतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मी शोधत नाहीये त्याला. नव्या गावात उतरले की जिथे ड्रम वाजतो तिथे आधी जाते, एवढंच. याला कुणी शोधणं म्हणत असेल तर म्हणो.

चार वर्षं झाली त्याला जाऊन. बाबा फरशी बसवतात. फरशी बसवली की हातोडीच्या लाकडी मुठीनं हळूच ठोकून बघतात आणि कान लावतात — भरीव की पोकळ. पोकळ वाजली की उपटून पुन्हा. दिवसभर हेच ठोकणं आणि हेच ऐकणं. घरी यायचे तर माळ्याखालच्या खोलीत दादाचं ठोकणं चालू! एक दिवस ओरडले, "ठोकायचंच असेल तर फरशी ठोक. निदान कुणाच्या तरी पायाखाली राहील!" दादा उठला. ड्रमच्या दोन काठ्या घेतल्या, चपला घातल्या, गेला. दादाचा फोन म्हणजे चार दिवस हरवलेला, चार दिवस बंद. मग कायमचाच बंद. बाबांनी ड्रम माळ्यावर चढवले, वर प्लास्टिक टाकलं. नीट बांधलं मात्र. चारही कोपरे.

मग घरात मी आणि बाबा. दोन ताटं. चमचा पडला तरी दोघं दचकायचो आणि दोघंही माळ्याकडे बघायचो नाही.

चौदा महिन्यांपूर्वी मी बोलून गेले, "तुमच्यामुळे गेला तो." बाबा जेवत होते. जेवत राहिले. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. सकाळी ते कामाला गेल्यावर टेबलावर चिठ्ठी ठेवली — 'दादाला घेऊन येते.' आणि निघाले. नंबरही बदलून टाकला. अशी अक्कल!

चौदा महिने. आठ गावं. आता फोन करून काय सांगू? घेऊन येते लिहिलं होतं, आणलं काय — केबल गुंडाळायची कला?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काही नाही. शेजारच्या दुकानातला आरसा फुटला, त्याचे तुकडे वेचायला गेले आणि एक तास तिथेच. प्रत्येक तुकड्यात छताचा वेगळा कोपरा!

९ नोव्हेंबर, रविवार

क्लब बंद. मागच्या जिन्यावर बसून ड्रमखालचा गालिचा झाडला. हा गालिचा नसला तर वाजवता वाजवता ड्रम पुढे पुढे सरकत जातात आणि ड्रमर मागे मागे राहतो. मास्तरांनी सांगितलं. किती वाईट!

जिन्यावर बसलं की आमचा जिना आठवतो. नऊ पायऱ्या. मी चार-पाच वर्षांची. मी खालून तिसऱ्या पायरीवर उभी राहायचे, दादा माझ्या मागे, आणि मोजायचा — एक, दोन, तीन, उडी! पण मला तीनपर्यंत दम कुठला? दोन म्हटलं की मी हवेत! दर वेळी! दादा आधी चिडायचा. "अगं तीन म्हणू दे की, गाढवा!" पुन्हा वर, पुन्हा एक, दोन — गेले मी! मग त्याला हसू यायला लागलं. मग त्यानं तीन म्हणायचंच सोडून दिलं. "एक, दोन, — चार!" तीनच्या जागी माझी उडी. चारला मी खाली.

खाली आई झेलायची. मी सहाची असताना आई गेली. तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. पण ते हात पक्के लक्षात आहेत — खरखरीत, घट्ट, बगलेत धरणारे. धुणंभांडी करून झाले असतील तसे. कधी म्हणून कधी सुटले नाहीत.

पुढे ड्रम वाजवायला लागल्यावरही दादा तसंच मोजायचा. गाणं सुरू करताना ड्रमर काठ्या आपटून चार मोजतो ना, तेव्हा. बाकीची पोरं वैतागायची. "तीन कुठे गेला रे?" दादा म्हणायचा, "आहे की. हवेत आहे."

दोनच्या पुढे थांबता न येणं — हे तेव्हापासूनच आहे तर! शाळेतही तेच. शेवटच्या वर्षी अर्ध्यात सोडली. आता इतिहासाचं पुस्तक कुठे दिसलं की शेवटून वाचते. काय झालं ते आधी कळतं, मग कशामुळे ते नाही वाचलं तरी चालतं.

गालिच्यातून एक कानातलं निघालं, तीन बटणं आणि कुणाचा तरी दात! नाही, दात नाही. गिटार छेडायची तुटकी पट्टी होती. हृदय बंद पडायची वेळ आली होती.

१० नोव्हेंबर, सोमवार

बॅग भरली. परत रिकामी केली. साबण तेवढा आतच राहिला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या खोलीत एक नर्सबाई राहतात. त्यांना आठवडाभर दिवसपाळी आहे. संध्याकाळी येतात, बूट दाराबाहेर काढतात आणि बुटांशीच बोलतात — "बसा आता." मला म्हणाल्या, "एवढं रोज लिहितेस कुणाला?"

"कुणाला नाही."

"मग कुणाला तरी फोन कर. वही तरी वाचेल."

"रेंज नसते."

"माझा घे." आणि फोन उशाशी ठेवून झोपल्या. ढाराढूर! आता हा फोन माझ्याकडे बघतोय. आधी बॅग, आता हा. माझ्या सगळ्या वस्तूंना डोळे फुटलेत.

बाबांचा नंबर विसरायची सोय नाही. 'फरशी बसवून मिळेल' ही पाटी मीच रंगवली होती, आठवीत असताना. शेवटच्या आकड्याचा रंग ओघळला. बाबा म्हणाले होते, असू दे, लक्षात राहील लोकांच्या.

राहिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या शो! गावभर पोस्टर चिकटवली. चाळीस लावायची होती, एकतीस लावली. उरलेली नऊ बसस्टॉपवर एका आजोबांना वारा अडवायला हवी होती म्हणून दिली. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते येणारेत का ऐकायला?" मी म्हटलं, विचारलं नाही. "विचारायचं की! म्हातारे लोक वेळेवर येतात."

दारावर माझी ड्यूटी. आत येणाऱ्याच्या मनगटावर शिक्का मारायचा. दर वेळी भाड्यानं शिक्का आणायचे म्हणे, तो हरवला. मग काकूंनी कपाटातून दुकानाचा जुना शिक्का काढला — 'माल तपासून घेतला'. मी आणि मास्तर पोट धरून हसलो. काकू शांतपणे म्हणाल्या, "हसा. खोटं काय आहे त्यात?"

फळ्यावरची नावं — उद्या बघू, गंजका नळ, भाडेकरू. भाडेकरू लांबून येतायत, पहिल्यांदाच.

काकूंनी पुन्हा चावीचं काढलं. "परवा देते. दोऱ्यात ओवून ठेवलीय." हो म्हटलं. परवाच्या सकाळी सहाला एक बस आहे, तेही बघून ठेवलंय. दोन्ही खरं.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी

साउंडचेक चालू आहे. उद्या बघू आले, वेळेवर! नावाला काळिमा. चौघं सख्खे-चुलत भाऊ. मोठ्यानं धाकट्याला सांगितलं, "तू फक्त तीन सूर वाजव, चौथा माझा." धाकटा म्हणाला, "चौथा तर सगळ्यात सोपा आहे!" त्यांची आई फोनवर होती, तिनं निवाडा केला.

गंजका नळ म्हणजे फक्त दोघं, नवरा-बायको. ती गाते, तो गिटार वाजवतो, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. मास्तरांमार्फत चाललंय. "मास्तर, यांना सांगा आवाज कमी करा." "मास्तर, यांना म्हणावं कमीच आहे."

भाडेकरूंची गाडी वाटेत बंद पडली. त्यांचा साउंडचेक बहुतेक होणार नाही. मास्तर डोकं धरून बसलेत.

मास्तर माइकसमोर मला उभं करतात, आवाज तपासायला. "मोज काहीतरी." मी म्हटलं, एक, दोन. पुढे गेलेच नाही. "पुढे?" काकूंनी हाक मारली म्हणून सुटले.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

झोपले नाही. सहाची बस गेली. अक्षर बघू नये.

नीट लिहायचं. क्रमानं.

काल संध्याकाळी सहाला दार उघडलं. शंभराच्या वर माणसं. मी शिक्के मारत होते — माल तपासून घेतला, माल तपासून घेतला. एक मुलगी म्हणाली, "कपाळावर मार, घरच्यांना दाखवायचंय." पोस्टरवाले आजोबा आले! नऊपैकी एक पोस्टर घडी करून खिशात. त्यांना पुढची खुर्ची दिली. कानात कापूस घालून आले होते, घरूनच.

उद्या बघू जोरात वाजले. भिंतीवरच्या गाद्यांतली धूळ उडाली. आवाज छातीत यायचा, कानात नंतर. चौथा सूर शेवटी धाकट्यानंच वाजवला, आणि मोठ्यानं भर गाण्यात त्याच्या पाठीत धपाटा घातला, तोही तालात! लोक वेडे झाले. आजोबांनी एका कानातला कापूस काढला.

मग गंजका नळ. दिवे कमी. ती बाई गायला लागली आणि सगळा गोंगाट कुठे विरला कळलं नाही. गाणं होतं नळाचंच — रात्रभर टपटपतो, कुणी उठत नाही, दोघंही जागे. बस्स एवढंच! तिनं शेवटची ओळ नवऱ्याकडे बघून म्हटली. तो गिटार वाजवायचाच थांबला. लोकांना वाटलं गाण्यातच आहे तसं. मी दारात उभी, शिक्का हातात. आमच्याही घरात दोघं जागेच असायचो की. मी इकडे, बाबा तिकडे. माळ्यावर ड्रम.

साडेआठला भाडेकरू आले. गाडी ढकलत! हात काळे. साउंडचेक नाही, काही नाही. मास्तर म्हणाले, देवाचं नाव घ्या आणि वाजवा. तिघं होते. ड्रमवर एक मुलगी, बुटकी, केसांना चिमटेच चिमटे. तिचं नावच चिमटी, गिटारवाला तीच हाक मारत होता. मी दारावर उशिरा आलेल्या एकाचं मनगट धरलं होतं. शिक्का उचलला.

चिमटीनं काठ्या वर धरल्या. आपटल्या आणि ओरडली —

एक! दोन! — चार!

तीनला काठ्या नाहीत. आवाज नाही. सबंध एक ठोका रिकामा. आणि मग सगळं एकदम कोसळलं.

शिक्का त्या माणसाच्या शर्टावर बसला. पांढरा शर्ट. माझ्या टाचा उचललेल्या होत्या. मला कळलंही नव्हतं.

मास्तर लांबून हातवारे करत होते — काय गेलं? माइक गेला? प्रत्येक गाण्याला तेच. एक, दोन, — चार! तिसऱ्या गाण्याला पुढून कुणीतरी ओरडलं, "तीन कुठाय?" गिटारवाला माइकवर म्हणाला, "तीन आम्ही भाड्यानं दिलाय!" हशा. मी हसले नाही. मी त्या रिकाम्या ठोक्याची वाट बघत होते, दर गाण्याला. आजोबांनी दोन्ही कानांतला कापूस काढला.

काय वाजवत होते ते सांगता येत नाही मला. ऐकलंच नाही. फक्त सुरुवाती ऐकल्या.

दहाला बंद. केबली गुंडाळायला घेतल्या. एक सुलटा, एक उलटा, हात चालेनात. चिमटी ड्रम सुटे करत होती. जवळ गेले. म्हटलं, "तुम्ही तीन का म्हणत नाही?"

"म्हणायचा असतो?" ती खरंच विचारत होती! "सगळे हसतात हो. मला आमच्या सरांनी असंच शिकवलं. मला दोन वर्षं वाटायचं, जगात सगळे असंच मोजतात. एका स्पर्धेत तर परीक्षकांनी बाहेर काढलं."

"कोण सर?"

"ड्रमचे. टायरच्या दुकानावर खोली होती, तिथे क्लास घ्यायचे. डावखुरे. हसले की अर्धा दात दिसायचा. मी विचारलं होतं त्यांना, सर, तीनचं काय? तर म्हणाले, तीन मोकळा ठेवायचा. तिथे धाकटीची उडी असते. मी म्हटलं, कुठल्या धाकटीची? तर म्हणाले, वाजव गं मुकाट्यानं."

मी हातातली केबल धरूनच बसले. गालिच्यावर. तिनं विचारलं, ओळखता का सरांना? मी म्हटलं, "ऐकून आहे." काय उत्तर! ऐकूनच तर होते, आत्ता, सहा गाणी.

"कुठे असतात?"

"गेले ना घरी. मार्चमध्ये. त्यांचे वडील आले होते न्यायला, कुठून पत्ता काढला कुणास ठाऊक. गंमतच झाली. क्लास चालू, आणि एक म्हातारे गृहस्थ येऊन चपलांच्या रॅकवर बसले. तासभर गप्प. आम्हाला वाटलं, टायरवाल्याचे कुणी असतील. क्लास संपला तर उठले, कोपऱ्यात जाऊन बोटानं खाली ठोकलं आणि म्हणाले, 'ही फरशी पोकळ आहे.' सर तसेच उभे. हातातून काठी पडली. मग म्हातारबाबा म्हणाले, 'तुझी बहीण गेलीय तुला शोधायला. तू घरी नसलास तर ती कुणाला घेऊन येणार?'"

हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. बरोबर असंच म्हणाली ती. कुणाला घेऊन येणार.

"दुसऱ्या दिवशी बापलेकांनी मिळून ती फरशी काढून नीट बसवून दिली. मग गेले. अजून एकदम भरीव वाजते तिथे. आम्ही ठोकून बघतो येता-जाता."

"फोन वगैरे?"

"सर कुठले फोन ठेवतात! वडिलांच्या नंबरवर करते मी कधीमधी. वडील आधी विचारतात, कोण? कोण बोलतंय? आणि माझं नाव सांगितलं की आवाज एकदम खाली जातो त्यांचा. कुणाची तरी वाट बघत असतील." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रडताय का तुम्ही?"

"धूळ आहे. गाद्यांची."

तिनं केसातला एक चिमटा काढून मला दिला. का, कुणास ठाऊक. दुसरं काही नव्हतं म्हणून असेल.

म्हणजे मार्चपासून दादा घरी आहे. मार्चमध्ये मी पुस्तकं बांधत होते. आठ महिने तो घरी बसून माझी वाट बघतोय, आणि मी गावोगाव ड्रमरांच्या दातांची चौकशी करतेय!

१७ नोव्हेंबर, सोमवार

फोन केला नाही.

दोनदा लावला, वाजायच्या आत बंद केला. काय बोलायचं? रागावतील तर बरं. रागावले नाहीत तर? त्यांनी दादाला माफ केलं, बरोबर आहे, दादा फक्त निघून गेला होता. त्या रात्री जेवताना ते वाक्य मी बोलले होते. आणि पुन्हा, ज्याला आणायला म्हणून मी निघाले त्याला त्यांनीच आणलं. मी कुठल्या तोंडानं दारात उभी राहू?

काकूंनी काल चावी दिली. लाल दोरा. गळ्यात घातली. जड आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काकूंना सगळं सांगितलं. स्टेज पुसता पुसता. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही, फक्त मी एकच जागा पुसतेय म्हणून पोछा हातातून काढून घेतला.

"मग आता?"

"रागावले असतील बाबा."

"रागावलेला माणूस रॅकवर तासभर बसत नाही." मग म्हणाल्या, "चावी राहू दे तुझ्याकडे. कुठे जायचं ते जा, दार तुला उघडता येईल."

मास्तर तिकडून ओरडले, "जाण्याआधी केबली खाली उतरवून जा! माझा हात पुरत नाही!"

संध्याकाळी नर्सबाईंना म्हटलं, उद्या सकाळी फोन लागेल. त्या म्हणाल्या, "लागणारच. चार्ज करून ठेवलाय. बारा तारखेपासून रोज करतेय."

बॅग भरली. आज साबणही बाहेर नाही राहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सातला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. बाबाच.

"कोण?"

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"कोण बोलतंय?" मागे कुणीतरी ड्रमवर हळूहळू ठोकत होतं. माळ्यावरून उतरवलेत! मागचं ठोकणं थांबलं. बाबा माझा श्वास ऐकत असावेत — फरशी ऐकतात तसा, कान लावून. मग अगदी हळू, घसा खाकरून —

"एक... दोन..."

आणि थांबले. तीन म्हणाले नाहीत.

"मार उडी. मी आहे ना खाली. नेहमीसारखा."

ते खरखरीत हात. आईचे नव्हतेच ते.